मंदाताईंनी लिहिलेला पेपर

वारणाकाठ विद्यापीठाच्या वसतिगृहात एक चेष्टा फार वर्षं चालत आली होती: मंदाताईंनी लिहिलेला पेपर कधी नापास होत नाही. दृष्टिहीन मुलं ती करायची, मंदाताई ऐकायच्या आणि ‘पुरे रे, चहा गार होतोय,’ म्हणून विषय बदलायच्या. एकतीस वर्षांत विषय बदलण्यात त्यांचा हात चांगलाच बसला होता.

मंदाकिनी तांबवेकर हे त्यांचं पूर्ण नाव फक्त हजेरीपटावर असायचं. विद्यापीठाच्या सुगम कक्षात त्या सहायक होत्या. नव्याने दाखल होणाऱ्या अपंग मुलांची सोय पाहणं हे कक्षाचं काम. कुणाला चाकाच्या खुर्चीसाठी उतार हवा, कुणाला खुणांच्या भाषेचा दुभाषा, कुणाला पहिले पंधरा दिवस वर्ग सापडेपर्यंत बरोबर कुणीतरी. पण मंदाताईंची खरी ओळख रायटर म्हणून. परीक्षेत दृष्टिहीन मुलानं उत्तर सांगायचं आणि रायटरनं ते कागदावर उतरवायचं. नियम एकच होता, सांगेल तेवढंच आणि सांगेल तसंच लिहायचं. रायटर त्या विषयाचा पदवीधर नसावा असंही होतं, आणि मंदाताई मराठीच्या बी.ए. होत्या. मात्र एकतीस वर्षं दुसऱ्यांचे पेपर लिहून त्यांना अर्थशास्त्रापासून गणितापर्यंत सगळंच थोडंथोडं येऊ लागलं होतं, आणि घोळ तिथेच झाला.

मग दोन हजार अडतीस साली अनुलेख नावाचं यंत्र आलं. नाव भारदस्त, पण गळ्याभोवती बांधायचं असल्यामुळे मुलं त्याला सरळ पट्टी म्हणू लागली. माणूस मनातल्या मनात बोलतो तेव्हाही घशाच्या आणि जबड्याच्या स्नायूंपर्यंत अगदी क्षीण विद्युतसंदेश पोचत असतात. ओठ हलत नाहीत, आवाज फुटत नाही, पण संदेश जातो. पट्टीतल्या संवेदकांना तो टिपता येई आणि यंत्र त्याचे शब्द जुळवून समोरच्या पडद्यावर उत्तर लिहून काढी. आता गणितासारखा विषयही आकड्या-चिन्हांसकट आपला आपण लिहिता येणार होता. म्हणूनच त्या वर्षी पहिल्यांदा अकरा दृष्टिहीन मुलांना विज्ञान शाखेत प्रवेश मिळाला. अट एवढीच, की पहिल्या सत्रात पायाभूत गणितात साठ गुण हवेत. नाहीतर कला शाखेत बदली.

शब्द टिपणं यंत्राला सोपं होतं. अवघड होतं ते वेगळंच. उत्तर सांगताना मूल काय काय बोलतं! ‘कंस सुरू, नाही नाही, ते खोडा, थांबा हं, वरच्या ओळीत दोन घाला.’ यातलं कागदावर काय जायचं आणि काय नाही, हे रायटरला सवयीनं कळतं. यंत्राला ते शिकवायचं कसं? नियम लिहून भागेना. तेव्हा विद्यापीठानं बारा वर्षांची ध्वनिमुद्रणं बाहेर काढली. रायटर घेऊन दिलेल्या प्रत्येक परीक्षेचं मुद्रण ठेवायचा आदेशच होता. एका बाजूला मूल काय बोललं, दुसऱ्या बाजूला कागदावर काय उतरलं, असे हजारो तास यंत्राला दाखवले. दोन्हींमधलं नातं त्यानं स्वतःच शोधलं. त्यातले दोन तृतीयांश पेपर मंदाताईंच्या हातचे होते. यंत्राच्या उद्‌घाटनाला त्यांना शाल मिळाली होती, आणि ती त्यांनी एकदाही अंगावर घेतली नव्हती.

सत्राचे निकाल लागले त्या सोमवारी कावेरी बंडगर कक्षात आली. जत तालुक्यातल्या एका वस्तीवरची मुलगी, जन्मापासून दृष्टी नाही, अकरा जणांतली एक. पांढरी काठी दाराला टेकवून ती उभीच राहिली. तिच्या हातात उत्तरपत्रिकेची छायाप्रत होती.

“मॅडम, मला बावन्न पडले. पर ह्यो पेपर माझा न्हाई.”

“म्हणजे? अदलाबदल झाली?”

“अदलाबदल न्हाई. नसरीननं सगळा वाचून दाखवला मला.” नसरीन मुलाणी ही तिची खोलीतली जोडीदारीण. “चौथ्या प्रश्नात मी असं सांगितलंच नव्हतं.”

चौथा प्रश्न होता: पहिल्या कितीही विषम संख्यांची बेरीज वर्गसंख्याच येते, हे सिद्ध करा. कावेरीनं ते लहानपणी अंगणात खडे मांडून शोधलं होतं. एक खडा ठेवायचा. त्याच्या दोन बाजूंनी काटकोनात तीन खडे लावले की दोनाचा चौरस होतो. त्याला पुन्हा तसेच पाच लावले की तिनाचा. दर वेळी लागणारे खडे म्हणजे पुढची विषम संख्या. बोटांनी चाचपून पाठ झालेली ही सिद्धता तिनं परीक्षेत थांबत थांबत, शब्द जुळवत सांगितली होती. उत्तरपत्रिकेत मात्र खडा नव्हता की चौरस नव्हता. एका संख्येला खरं म्हणून पुढच्या संख्येलाही खरं, अशी पुस्तकातली गणिती विगमनाची पद्धत होती, तीही मध्येच तुटलेली. चौदापैकी दोन गुण.

“परीक्षेत वाचून दाखवलं नाही यंत्रानं?”

“कानाला काय लावायचं न्हाई असा नियम हाय न्हवं? कॉपी हुईल म्हणून.” कावेरीनं हातातली प्रत पुढे केली. “आन दुसऱ्या प्रश्नात व्याख्या पुरी हाय. मी अर्धीच सांगितली हुती, पुढचं आठवलंच न्हाई मला. त्ये चार मार्क बी माझे न्हाईत. मी परीक्षा समितीला दोन्ही सांगितलं. ते म्हनाले, यंत्र चुकत न्हाई, पोरं चुकतात. शुक्रवारी सुनावणी हाय.”

“आणि घशाची मूळ नोंद? ती ताडून पाहिली की झालं.”

“ती आठ दिसांत पुसत्यात. अंगातली खासगी माहिती हाय म्हणं.”

मंदाताईंनी छायाप्रत हातात घेतली. विगमनाच्या तुटक्या ओळींमध्ये एका वाक्याची सुरुवात त्यांना दिसली: ‘यावरून ओघानेच असे ध्यानात येते की’. त्यांनी पान उलटलं. दुसऱ्या प्रश्नात, जिथे कावेरीला आठवलं नव्हतं नेमकं तिथे, पुन्हा तेच. गणिताच्या पेपरात असं कोण लिहितं? मंदाताईंना कोण लिहितं ते पक्कं ठाऊक होतं. ते त्यांचं स्वतःचंच वाक्य होतं.

पहिल्यांदा ते घडलं तेव्हा त्या एकवीस वर्षांच्या होत्या. समोरचा मुलगा घामाघूम झाला होता, त्याचा घसा कोरडा पडला होता, आणि जे त्याला आठवत नव्हतं ते मंदाताईंना आठवत होतं. त्यांनी एक वाक्य घातलं. कुणाचं काय बिघडलं? पुढे दर परीक्षेत एखादं वाक्य पडू लागलं. ठाम आवाजात सांगणाऱ्यांचा पेपर त्या जसाच्या तसा लिहायच्या. चाचरणाऱ्यांच्या, गप्प होणाऱ्यांच्या पेपरातच त्यांचा हात वळायचा, आणि पदरचं घालताना शब्द दर वेळी तेच यायचे. यंत्रानं नेमकं हेच उचललं होतं. स्नायू अडखळले की मूल अडलंय असं समजायचं आणि पुस्तकातलं उत्तर घालायचं. कावेरी अडली नव्हती, ती विचार करत होती. दोन्हींतला फरक यंत्राला शिकवायला मंदाताईंनाच कुठे कळला होता?

तपासणीतही हे सापडणं शक्य नव्हतं. यंत्र किती अचूक लिहितं हे मोजताना माणसानं लिहिलेला पेपर बरोबर धरला होता, आणि तो माणूस बहुतेक वेळा मंदाताई होत्या.

“मॅडम, तुमचा तरी इश्वास बसतो का?” कावेरीनं विचारलं.

“बसतो,” मंदाताई म्हणाल्या. त्यापुढचं त्यांच्या तोंडातून निघेना. कावेरी काठी टेकत निघून गेली आणि त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की तिला चहासुद्धा विचारला नाही हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

मंगळवार त्यांनी नुसताच घालवला. बुधवारी दुपारी त्या डॉ. भालचंद्र कुंभोजकरांच्या खोलीत गेल्या. कुंभोजकर सुगम कक्षाचे प्रमुख, संख्याशास्त्राचे प्राध्यापक, स्वतः दृष्टिहीन. पट्टी विद्यापीठात यावी म्हणून त्यांनी सहा वर्षं मंत्रालयाचे उंबरे झिजवले होते. आणि पंचवीस वर्षांपूर्वी त्यांच्या पदवीचे सगळे पेपर मंदाताईंनी लिहिले होते. त्या पदवीला सुवर्णपदक होतं.

“सर, दार लावू का?”

“मंदाताई, तुम्ही दार कधीपासून लावायला लागलात?” ते हसले.

मंदाताईंनी उभ्यानंच सगळं सांगितलं.

“जुनी मुद्रणं आहेत,” मंदाताई म्हणाल्या. “माझा कुठलाही पेपर काढा आणि आवाजाशी ताडून पाहा.”

“मुद्रणं बारा वर्षांची आहेत. तुम्ही हे कधीपासून करताय?”

“पहिल्यापासून.”

कुंभोजकरांच्या पेपरांचं मुद्रण नव्हतं. ‘तुमच्यात कधी नाही हो’ एवढं म्हटलं असतं तर जगात कुणालाही खोटं ठरवता आलं नसतं. ते वाक्य मंदाताईंच्या अगदी ओठांवर आलं होतं.

“शेवटचं वर्ष,” त्या म्हणाल्या. “तिसरा पेपर. सहावा प्रश्न.”

“मी काय सांगितलं होतं?”

“काहीच नाही. तू बराच वेळ गप्प होतास.” सर आणि तुम्ही दोन्ही त्यांच्या तोंडून कधी गळून पडलं ते त्यांना कळलं नाही. “मग म्हणालास, पुढचा घेऊ, याच्याकडे परत येतो. तू सातव्याचा विचार करत होतास तेव्हा मी मागच्या पानावर सहावा लिहून टाकला.”

“पण परत यायला वेळ उरला नव्हता. तुम्हीच म्हणालात, वेळ संपली.”

मंदाताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. “दहा मिनिटं उरली होती, भालचंद्र. उत्तर लिहून झालं होतं. तू परत सांगायला लागला असतास तर मी कुठे लिहिणार होते? म्हणून मी वेळ संपली म्हणाले.”

कुंभोजकरांनी मनगटावरचं घड्याळ चाचपलं. बोलले तेव्हा त्यांचा आवाज अगदी साधा होता.

“त्या दिवसापासून मला वाटत आलंय की मी हळू आहे. इतरांना पुरतो तो वेळ मला पुरत नाही. व्याख्यान असो, मुलाखत असो, आजही मी घड्याळ लावून सराव करतो. बायको चिडते माझ्यावर. काय प्रश्न होता तो? आठवतोय?”

मंदाताईंना आठवत होता. ज्यात हात घातला तो एकही प्रश्न त्या विसरल्या नव्हत्या. त्यांनी सांगितला. कुंभोजकरांनी बोटांनी टेबलावर आकडे मांडल्यासारखं केलं, दोनदा सुरुवात केली, दोनदा सोडून दिलं.

“नाही जमत आता. हा भाग सुटून वीस वर्षं झाली.” त्यांनी हात मांडीवर घेतले. “तेव्हा येत होतं का मला?”

“मला माहीत नाही.”

“मलाही नाही. आता ते कुणालाच कळायचं नाही.” ते उठले आणि चाचपत खिडकीपाशी गेले. “शुक्रवारी समितीपुढे हे सगळं सांगा. माझ्या नावासकट. आता जा, तांबवेकर बाई.”

मंदाताई म्हणून ते पंचवीस वर्षं हाक मारत होते. ती हाक पुन्हा कधी आली नाही.

शुक्रवारी मंदाताईंनी सगळं सांगितलं आणि समितीनं जुनी मुद्रणं लावली. पहिल्याच मुद्रणात एक मुलगा म्हणत होता, ‘नाही आठवत ताई, जाऊ दे हा प्रश्न.’ त्याच प्रश्नाखाली उत्तरपत्रिकेत सुबक अक्षरात नऊ ओळी होत्या. दुसरं लावलं, तिसरं लावलं. चौथं लावायला कुणी सांगितलं नाही. पट्टी त्याच दिवशी बंद झाली. अकराही मुलांची गणिताची परीक्षा पुन्हा, रायटर घेऊन, कॅमेऱ्यासमोर घ्यायचं ठरलं. मंदाताईंवर चौकशी बसली. कुंभोजकरांनी पदक विद्यापीठाकडे परत पाठवलं. ते ठेवायचं की नाही यावर नियमच नसल्यामुळे ते कुलसचिवांच्या कपाटात पडून राहिलं.

दुसऱ्या आठवड्यात एका मुलाची आई कक्षात आली. तिच्या मुलाला पट्टीच्या पेपरात सदुसष्ट होते आणि आता सगळं पुन्हा होतं.

“ताई, तुमी बोलला नसता तर चाललं नसतं का?” तिनं विचारलं. भांडायला आली नव्हती, खरंच विचारत होती.

मंदाताईंनी तिच्यासाठी चहा ठेवला. बोलल्याचीही टोचणी होती आणि इतकी वर्षं न बोलल्याचीही. रात्रंदिवस दोन्ही आत कुरतडत होत्या.

मग कावेरीचा अर्ज आला. रायटर निवडायचा हक्क विद्यार्थ्याचा असतो. तिनं मंदाकिनी तांबवेकर यांचं नाव दिलं होतं. समितीतले लोक हैराण झाले. एक जण तर म्हणाला, मुलीला नीट समजावलंय ना कुणी? कुंभोजकरांनी अर्जावर सही केली.

मंदाताई स्वतः वसतिगृहावर गेल्या. “पोरी, असं करू नकोस. माझ्यामुळे तुझं हे सगळं झालं.”

“म्हणूनच,” कावेरी म्हणाली. “दुसरं कुनी बसलं तरी त्येला माझी दया येनारच की. सगळ्यांस्नी येती. हात कुठं वळतो ते तुमालाच ठावं हाय. बाकीच्यांस्नी तर ठावं बी न्हाई.”

“आणि माझा वळला तर?”

“तर मी कला शाखेत जाईन. पर मग मला पुन्यांदा काय सांगू नका.”

परीक्षेचा दिवस उजाडला. लहानशी खोली, दोन खुर्च्या, एक पर्यवेक्षक, भिंतीवर कॅमेरा. पहिले तीन प्रश्न सुरळीत गेले. चौथ्यात कावेरी थांबली. एक मिनिट, दोन मिनिटं, चार मिनिटं. तिच्या कपाळावर आठ्या पडल्या, ओठ हलून पुन्हा मिटले. मंदाताईंनी पेन खाली ठेवलं आणि उजवा हात डाव्या हातात घट्ट धरला. काही बोलून धीर द्यावा असं फार वाटत होतं. त्या बोलल्या नाहीत. सहा मिनिटांनी कावेरी बोलू लागली आणि न अडखळता बारा ओळी सांगून गेली.

पाचव्यात मात्र ती चुकली. दुसऱ्या ओळीत ‘अधिक तीन’ म्हणाली होती. पाचव्या ओळीत ते बरोबरच्या चिन्हापलीकडे न जाताच ‘उणे तीन’ झालं. मंदाताईंना ते ऐकताक्षणी कळलं. एक आडवी रेघ, तिला एक उभी रेघ दिली की काम होत होतं. कॅमेऱ्यालासुद्धा दिसलं नसतं. साठाच्या अलीकडे राहिली तर ही मुलगी विज्ञानातून जाणार, आणि ते सगळं या एका उभ्या रेघेवर येऊन ठेपू शकत होतं.

त्यांनी आडवी रेघ ओढली आणि पेन उचललं.

“वाचून दाखवा,” कावेरी म्हणाली.

हे लिहिण्याहूनही कठीण होतं. ‘उणे’वर जरासा भर दिला असता, तिथे क्षणभर थांबल्या असत्या, तरी हुशार पोरीला कळलं असतं. मंदाताईंनी सगळ्या ओळी एका सुरात वाचल्या.

“बरुबर,” कावेरी म्हणाली. “फुडचा घ्या.”

मंदाताईंनी पान उलटलं. पुढचा तासभर त्यांना एकच दिसत होतं, की पोर खड्ड्यात पाय टाकत होती आणि आपण शेजारी बसून पाहत राहिलो.

निकाल वीस दिवसांनी लागला. अकरांपैकी तिघांना साठ गाठता आले नाहीत. त्यात त्या बाईचा मुलगाही होता. मंदाताईंनी यादी दोनदा वाचली. कावेरी बंडगर, एकसष्ट.

दुसऱ्या दिवशी ती कक्षात आली. हातात छायाप्रत होतीच. नसरीननं तिला पेपर वाचून दाखवला होता.

“मॅडम, पाचव्यात उणे तीन हाय. मीच म्हनाले हुते?”

“तूच म्हणाली होतीस.”

“आन तुमाला कळलं हुतं?”

“लगेच कळलं होतं.”

आता कावेरी चिडेल, आणि चिडायचा तिला हक्क आहे, असं मनाशी म्हणून मंदाताई मान खाली घालून बसल्या. कावेरीनं कागदावरून बोट फिरवलं, जणू ती ओळ तिला चाचपून सापडणार होती.

“पाच मार्क गेले बगा माझे,” ती म्हणाली. “माझेच गेले न्हवं?”

“तुझेच.”

कावेरीचा चेहरा हळूहळू उजळत गेला आणि ती मनापासून, मोठ्यानं हसली. उत्तरपत्रिकेची घडी करून तिनं ती पिशवीत नीट ठेवली आणि काठी उचलून वर्गाला निघून गेली.

मंदाताई तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत राहिल्या. असं हसायला एकतीस वर्षांत आपण किती जणांना मिळू दिलं नाही, हे त्या मोजू लागल्या. पहिला तो घामाघूम मुलगा, मग दुसरा, मग तिसरी एक मुलगी. भालचंद्रच्या नावापाशी आल्यावर त्यांना पुढे मोजवेना.